बडोद्याची पसरण, जमीनवापर आणि पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या खोऱ्यातील जमीनवापर कसा बदलला आणि त्या बदलामुळे पाण्याची वाट कशी बदलली, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. पूर ओसरल्यावर किंवा एखादी नवी टी.पी. (नगररचना योजना, टाउन प्लॅनिंग स्कीम) जाहीर झाल्यावर याविषयी हमखास विचारणा होते. विचारणाऱ्यांत दांडिया बाजार सोडून गोत्री-भायलीकडे घर पाहणारी मराठी कुटुंबे असतात, शहराकडेचे शेतकरी असतात आणि नगररचनेचे विद्यार्थीही असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कायद्यासंबंधीची उत्तरे गुजरातपुरती आहेत. इतर राज्यांसाठी प्र. १४ पाहावा.

१. शहर वाढणारच. मग त्याला ‘पसरण’ म्हणून वेगळे नाव कशाला?

लोक वाढले की घरे वाढणार, यात वावगे काही नाही. लोकसंख्येच्या मानाने जमीन अधिक वेगाने खर्ची पडू लागली आणि तीही सलग न येता तुकड्यातुकड्यांनी येऊ लागली, म्हणजे रस्त्यालगत एक सोसायटी, मग दोन पडीक शेते, मग अर्धवट राहिलेली स्कीम आणि त्यापलीकडे एकटी शाळा असे चित्र दिसू लागले, की तिला पसरण म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमध्ये यासाठी ११.३.१ हा निर्देशक आहे. जमीन वापरात येण्याच्या दराला लोकसंख्यावाढीच्या दराने भागायचे. उत्तर एकाहून अधिक आले तर दरडोई जमीन वाढत आहे असे समजायचे.

बडोद्यापुरती अडचण छेदाची आहे. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे १६.७ लाख लोक होते; २०२१ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे अलीकडच्या वर्षांसाठी हे गुणोत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले दिसले, तर त्यातली लोकसंख्या कुठून घेतली हे आधी विचारावे.

२. विकास आराखडा, झोन आणि टी.पी. स्कीम हे सगळे एकच आहे का?

नाही. गुजरात नगररचना व नागरी विकास अधिनियम १९७६चा असून १९७८ पासून लागू आहे, आणि त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी विकास आराखड्याची. संपूर्ण विकासक्षेत्रात कुठे वस्ती, कुठे उद्योग, कुठे शेती हे त्यात ठरते. यालाच आपण झोन म्हणतो. आराखड्याचा दहा वर्षांतून किमान एकदा फेरविचार करणे कायद्याला अपेक्षित आहे. बडोद्याचा सध्याचा आराखडा २०३१ हे लक्ष्यवर्ष धरून केलेला आहे. दुसरी पायरी टी.पी. स्कीमची. एखाद्या लहान क्षेत्रातले सगळे सर्व्हे नंबर एकत्र धरायचे, त्यांतून रस्ते, बागा, शाळा यांसाठी जमीन काढायची आणि उरलेली नव्या, चौकोनी आकाराच्या प्लॉटांत मूळ मालकांना परत वाटायची. मूळ तुकडा तो ओ.पी. (ओरिजिनल प्लॉट), परत मिळालेला तो एफ.पी. (फायनल प्लॉट).

३. टी.पी.त माझी नेमकी किती जमीन जाते? कोणी ३० टक्के सांगतो, कोणी ४०, कोणी ५०.

तिन्ही आकडे ऐकू येतात, कारण कायद्यातील टक्केवारी ही मर्यादा आणि मार्गदर्शन आहे; प्रत्येक स्कीमचा हिशेब वेगळा होतो. कलम ४० नुसार रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा, मैदाने व मोकळ्या जागांसाठी ५, शाळा, दवाखाना, अग्निशमन अशा सामाजिक सोयींसाठी ५ आणि प्राधिकरणाने विकून खर्च भागवावा यासाठी १५ टक्के, अशी ४० टक्क्यांची मांडणी आहे. विकासाचे स्वरूप पाहून ती बदलता येते. याशिवाय दुर्बल घटकांच्या घरांसाठी सुमारे १० टक्के राखून ठेवण्याची तरतूद आहे.

पैशाचा हिशेब निराळा असतो. गेलेल्या जमिनीची भरपाई आणि उरलेल्या जमिनीच्या मूल्यवाढीतील वाटा यांची वजाबाकी होते. हा वाटा मूल्यवाढीच्या निम्म्याहून अधिक आकारता येत नाही. मालकाचे क्षेत्र घटते, पण रस्त्यावर दर्शनी बाजू असलेला प्लॉट हाती येतो. शेतकरी कुटुंबांचे समाधान किंवा नाराजी बहुतेक वेळा टक्केवारीवर कमी आणि एफ.पी. मूळ शेतापासून किती दूर गेला यावर अधिक अवलंबून असते.

४. एवढी चांगली पद्धत आहे, तर बडोदे पसरते का?

टी.पी. ही न्याय्य वाटपाची पद्धत आहे. चार मालकांची जमीन रस्त्यात गेली आणि पाचव्याचे भाग्य उजळले, असे तीत होत नाही, आणि भूसंपादनाच्या कोर्टकज्ज्यांपेक्षा ती कितीतरी बरी आहे. कुठली जमीन आधी उघडायची आणि कुठली नंतर, या क्रमाबद्दल मात्र ती काही सांगत नाही.

आराखड्यात पुढच्या वीस वर्षांची गरज धरून वस्तीचा झोन आखला जातो आणि तो सगळा एकदम खुला होतो. बांधकाम करणारा साहजिकच स्वस्त जमीन शोधतो, ती लांब असते, आणि मधली जमीन मागे पडते. टी.पी. मसुद्याला सरकारची मंजुरी मिळाली की रस्त्यांची जमीन प्राधिकरणाकडे येते. परंतु गटारे, पावसाळी नाले आणि पाण्याची लाइन यांना वेळ लागतो, त्यामुळे रस्ता आहे पण पाण्याचा टँकर येतो अशी वर्षे मध्ये जातात. शिवाय एफ.पी.वर ठरावीक मुदतीत बांधलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि जमीन नुसती धरून ठेवण्याचा खर्च तिच्या वाढत्या भावापुढे नगण्य असतो. सेवा पोहोचलेल्या भागातले रिकामे प्लॉट आणि सेवा न पोहोचलेल्या भागातल्या भरलेल्या सोसायट्या एकाच वेळी दिसतात, त्या या तिन्ही कारणांच्या एकत्र परिणामामुळे.

माझ्या मते टी.पी. कोणत्या क्रमाने हाती घ्यायच्या हा या शहरातला सर्वांत मोठा नियोजनाचा निर्णय आहे आणि त्याच्यावर सर्वांत कमी चर्चा होते. हरकती-सूचनांच्या काळात प्रत्येक जण आपापला सर्व्हे नंबर शोधतो. शेजारची स्कीम आधी का नाही, हे कोणी विचारत नाही.

५. उपग्रहाच्या चित्रांवरून पसरण मोजता म्हणजे नेमके काय करता?

लँडसॅट मालिकेची ३० मीटर विभेदनाची चित्रे १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहेत आणि २००८ पासून ती विनामूल्य मिळतात. त्यातला एक ठिपका ९०० चौरस मीटरचा असतो. त्याचे बांधलेले, शेत, झाडी, पाणी असे वर्गीकरण करून वेगवेगळ्या वर्षांची तुलना केली जाते. बांधलेली जमीन एका ठिकाणी गोळा झाली आहे की सर्व दिशांना विखुरली आहे, हे पाहण्यासाठी शॅननची एंट्रॉपी वापरतात. तिचे सापेक्ष मूल्य शून्याकडे असेल तर शहर एकवटलेले, एककडे असेल तर विखुरलेले.

यात दोन खाचा आहेत. उन्हाळ्यातले नांगरलेले कोरडे शेत आणि नवी वस्ती उपग्रहाला बरेचदा सारखीच दिसतात, म्हणून केवळ मे महिन्याच्या चित्रावर विसंबता येत नाही. खरीप उभा असतानाचे किंवा हिवाळ्यातले चित्र जोडीला घ्यावे लागते. दुसरे म्हणजे शेतात उभे राहिलेले एकटे टेनामेंट (स्वतंत्र घर) ९०० चौरस मीटरच्या ठिपक्यात हरवून जाते, आणि पसरणीची सुरुवात तर अशाच घरांनी होते. २०१५ पासून मिळणारी सेंटिनेल-२ची १० मीटरची चित्रे येथे उपयोगी पडतात, मात्र त्यांची जुन्या चित्रांशी थेट तुलना करता येत नाही.

६. काँक्रीट वाढले म्हणून पूर येतो, हे कितपत खरे?

अंशतः खरे आहे, आणि बडोद्याच्या मोठ्या पुरांच्या बाबतीत तर त्याहूनही थोडे कमी खरे आहे.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. शहराच्या पश्चिमेकडची गोराडू (वाळूमिश्रित, हलकी) माती यातले बरेच पाणी जिरवते; तिच्यावर फरसबंदी झाली की वाहून जाणारे पाणी स्पष्टपणे वाढते. काळ्या मातीचे वर्तन वेगळे आहे. उन्हाळ्याच्या शेवटी भेगाळलेली काळी माती पहिल्या पावसात पुष्कळ पाणी पिते; एकदा फुगून बसली की मात्र तासाला काही मिलिमीटरच आत घेते. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, अगोदर महिनाभर पाऊस झालेला असताना अतिवृष्टी झाली, तर काळ्या रानातूनही बहुतेक पाणी वाहूनच जाते. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. अशा दिवशी शेत आणि डांबर यांच्या जिरवणुकीतला फरक एकूण पाण्याच्या मानाने लहान ठरतो.

शेत अशा दिवशी दुसरे काम करत असते. ते पाणी जिरवत नसले तरी थांबवत असते. बांध, चरी, सखल कोपरे, गावतळी, कोतरे (नदीकाठच्या घळी) यांत पाणी काही तास किंवा एखादा दिवस उभे राहते आणि मग सावकाश नदीत जाते. म्हणून पुराच्या दृष्टीने पसरणीचा सर्वांत महागडा भाग म्हणजे या उभ्या राहण्याच्या जागा बुजणे. काँक्रीट त्यानंतर येते. याचे गणित पुढच्या उत्तरात आहे.

लहान पावसांची गोष्ट उलटी आहे. दोन-तीन इंचांत चौकाचौकांत गुडघाभर पाणी साचते, त्याला फरसबंदी आणि अपुरे नाले हेच मुख्य कारण असते. दोन्ही पुरांना एकच उपाय सुचवणारा अहवाल हाती आला तर सावध राहावे.

७. मी माझ्याच प्लॉटवर भराव टाकून तो उंच केला, तर त्यात चूक काय? पाणी घरात येऊ द्यायचे का?

घरात पाणी येऊ नये ही इच्छा रास्त आहे. परंतु एक हेक्टर सखल जमिनीवर अर्धा मीटर पाणी उभे राहत असेल, तर ती जमीन ५० लाख लिटर पाणी धरून ठेवत असते. भराव टाकला की तेवढे पाणी शेजारी जाते. २० इंच पावसात एका हेक्टरवर पडणारे पाणीही साधारण तेवढेच असते. म्हणजे भराव घातलेला प्रत्येक हेक्टर बाकीच्यांवर जणू दुसऱ्यांदा तेवढाच पाऊस पाडतो. शेजारी मग दीड मीटर भराव टाकतो, आणि जुनी सोसायटी, गामतळ (मूळ गावठाण) किंवा झोपडवस्ती, जिला आता उंच होणे शक्य नाही, ती बशीच्या तळाशी राहते.

नवा रस्ता जमिनीपेक्षा उंच बांधला तरी हेच होते, कारण तो बांधासारखा आडवा येतो. खालून पुरेशा मोऱ्या नसतील तर रस्त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडे असे दृश्य दिसते. संपूर्ण प्लॉट न भरता केवळ जोते उंच करणे, किंवा तळमजला खांबांवर मोकळा ठेवणे, हा शेजाऱ्याला कमी त्रास देणारा मार्ग आहे.

८. ‘कांस’ आणि ‘कोतर’ यांचा उल्लेख तुम्ही सारखा करता. आराखड्यात ती कुठे दिसतात?

पावसाचे पाणी नदीकडे नेणारा नैसर्गिक वा खोदलेला ओहोळ म्हणजे कांस. बडोद्यात भूखी, मसिया, रूपारेल ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. नदीकाठची मातीची खोल घळ म्हणजे कोतर. मुख्य कांस आराखड्यात रेघेच्या रूपाने असतो. पण त्याला मिळणारे लहान फाटे बरेचदा खाजगी सर्व्हे नंबरांतून जातात, महसुली दप्तरात त्यांची नोंदच नसते, आणि टी.पी.त प्लॉट चौकोनी करताना ते सहज पुसले जातात. कोतरांची नोंद बहुधा खराबा म्हणून असते, त्यामुळे निरुपयोगी जमीन म्हणून ती भरावाला सर्वांत आधी बळी पडतात.

टी.पी.ची सीमा सर्व्हे नंबर आणि गावाची शीव पाहून आखली जाते. पाणी उतार पाहते. दोन स्कीमच्या सीमेवर वरच्या स्कीमचा नाला संपतो आणि खालच्या स्कीममध्ये त्याला पुढची वाट नसते, असे घडते ते या विसंगतीमुळे. स्कीम आखण्यापूर्वी जमिनीची उंची मोजून पाण्याच्या वाटा आधी कायम करणे आणि रस्ते त्यांच्याभोवती बसवणे, एवढा एक बदल करायला सांगितले तर मी तोच सुचवीन. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, मोकळ्या जागांचे ५ टक्के (प्र. ३) स्कीमभर विखुरण्याऐवजी कांसाच्या काठाने सलग ठेवता येतात.

९. नदी खोल-रुंद केली, आता पूर येणार नाही ना?

विश्वामित्री पावागढावरून येते, वाटेत आजवा आणि प्रतापपुरा जलाशयांचे पाणी घेते, शहरातून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. ऑगस्ट २०२४च्या पुरात शहरातली पातळी सुमारे ३७ फुटांपर्यंत गेली आणि पाऊस थांबल्यावरही पाणी उतरायला दिवस लागले, कारण वरच्या खोऱ्यातले पाणी येतच होते. २०२५च्या उन्हाळ्यात पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले. त्याने पात्राची वहनक्षमता वाढते, मात्र गाळ पुन्हा बसतो, आणि खालच्या गावांकडे पाणी अधिक वेगाने पोहोचते. सखल जागा भरल्या जात राहिल्या तर मिळालेली क्षमता काही वर्षांत खर्च होते.

रिव्हरफ्रंटच्या कामाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये स्थगिती दिली होती, आणि २०२१च्या आदेशात नदीचे पूरक्षेत्र आखून जपण्यावर भर दिला. नदीकाठी काय असावे याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १८७९ मध्ये सयाजीरावांच्या काळात झालेली कमाटीबाग पुरात बुडते, चिखल काढला की पुन्हा उघडते. तिथे सोसायट्या असत्या तर काय झाले असते, हे सांगायला नको.

१०. मगरी सोसायट्यांत शिरतात, त्याला पसरण जबाबदार आहे का?

पुरात मगरी पाण्याबरोबर येतात, ते स्वाभाविक आहे. मातीचे उतरते काठ, जिथे त्या ऊन खातात आणि अंडी घालतात, ते भरावाने किंवा भिंतीने गेले की माणसांशी त्यांची गाठ पडण्याचे प्रसंग वाढतात. मगर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात आहे. दिसल्यास वनविभागाला कळवावे, स्वतः हाकलू नये.

११. वस्ती वाढल्याने शहर तापते म्हणतात, पण तुमच्या उपग्रह-नकाशात शेतेच शहरापेक्षा लाल दिसतात. हे कसे?

नकाशा बरोबर आहे, अर्थ काळजीने लावायला हवा. लँडसॅट आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो आणि पृष्ठभागाचे तापमान टिपतो. एप्रिल-मे महिन्यात उघडे, कोरडे शेत त्या वेळी झाडे व सावल्या असलेल्या जुन्या शहरापेक्षा अधिक तापलेले असते. निमशुष्क प्रदेशातल्या अनेक शहरांत असे दिसते. रात्री चित्र पालटते. शेत लवकर निवते, भिंती आणि रस्ते उष्णता धरून ठेवतात. झोप उडवणारी उष्णता रात्रीची असते, म्हणून दिवसाच्या एका नकाशावरून ‘पसरणीने शहर थंड झाले’ असा निष्कर्ष काढू नये.

१२. शहराभोवती हरितपट्टा का ठेवत नाहीत?

लंडनभोवती १९३८च्या कायद्यापासून असा पट्टा घडत गेला. त्याने शहराची कडा रोखली, पण अनेकांचा मुक्काम पट्ट्यापलीकडच्या गावांत गेला आणि रोजचा प्रवास वाढला. आपल्याकडे शेती झोन हे काम नावापुरते करतो. फार्महाऊस, शैक्षणिक संस्था असे बरेच वापर त्यात अटींवर चालतात. मला पूर्ण वर्तुळाकार पट्ट्यापेक्षा कांस आणि कोतरांच्या काठाने जाणाऱ्या हिरव्या पट्ट्या अधिक टिकाऊ वाटतात, कारण त्यांचे काम दर पावसाळ्यात दिसते. उंच इमारती हा पर्याय अनेक जण सुचवतात. दाटी आणि उंची या वेगळ्या गोष्टी आहेत. चार दरवाजांच्या आतल्या जुन्या शहरातले वाडे आणि पोळांमधली (दाट वस्तीच्या गल्ल्यांमधली) घरे दोन-तीन मजल्यांचीच आहेत, आणि तरीही तिथली वस्ती कडेच्या टॉवरांच्या भागांपेक्षा विरळ नाही, कारण टॉवरांभोवतालची बरीच जमीन पार्किंगला आणि रुंद रस्त्यांना जाते.

१३. गाव महापालिकेत आले की शेती बंद करावी लागते का?

नाही. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया व वडदला ही गावे हद्दीत आली, तेव्हा हीच भीती होती. हद्द बदलल्याने झोन बदलत नाही. वेरा (मालमत्ता कर), ग्रामपंचायतीचे अधिकार आणि सेवांची जबाबदारी बदलते. गोचरासारख्या (गायरानासारख्या) सामाईक जमिनींवर मात्र लक्ष ठेवावे. संशोधकांनीही ध्यानात घ्यावे की महापालिकेचे २०२०च्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

१४. पुण्याच्या किंवा इंदूरच्या नातेवाइकांना हेच लागू होते का?

पाण्याचे गणित सर्वत्र लागू होते, कायदा होत नाही. महाराष्ट्रात १९६६च्या कायद्यात टी.पी.ची तरतूद आहे, तरी मोठी शहरे दीर्घकाळ आरक्षण, भूसंपादन आणि टी.डी.आर. (हस्तांतरणीय विकास हक्क) यांवर चालली; पुणे महानगर प्रदेशात माण-म्हाळुंगे येथे टी.पी. पुन्हा हाती घेतली गेली. मध्य प्रदेशाचा कायदा १९७३चा असून २०१९च्या दुरुस्तीनंतर तिथल्या योजनांमध्ये मालकाला ५० टक्के जमीन परत देण्याची पद्धत आहे.

१५. प्लॉट घ्यायचा आहे. पुराच्या दृष्टीने काय तपासावे?

सात-बारा, नमुना ६ मधील नोंदी, झोनिंग दाखला, टी.पी. असल्यास पार्ट प्लान आणि एफ फॉर्म, आणि बांधलेले घर असल्यास रजा चिठ्ठी (बांधकाम परवानगी) व बी.यू. (इमारत वापर परवानगी) ही कागदपत्रे वकील पाहतोच. टी.पी. मसुद्याच्या टप्प्यात आहे की प्रिलिमिनरी (त्यापुढची प्राथमिक योजना) मंजूर झाली आहे, हे स्वतः विचारावे. प्रिलिमिनरी लागू होईपर्यंत एफ.पी.ची जागा व आकार बदलू शकतो.

कागदावर न मिळणारी माहिती म्हणजे उंची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, सपाट बडोद्यात त्यांचा उपयोग होत नाही. शेजारच्या जुन्या घरांत २०१९ आणि २०२४ मध्ये पाणी भिंतीवर कुठवर आले होते ते विचारावे, आणि मधल्या काळात आजूबाजूला किती भराव पडला तेही; नंतर भराव पडलेला असेल तर जुनी खूण आता कमी पडेल असे धरून चालावे. टी.पी.च्या नकाशात प्लॉट चौकोनी, पण जुन्या सर्व्हे नकाशात त्याच जागी नागमोडी हद्द दिसत असेल, तर तिथून एखादा ओहोळ जात होता का याची चौकशी करावी. प्लॉट आधीच घेतला असेल आणि तो सखल असेल, तर भराव टाकण्यापूर्वी प्र. ७ वाचावा.